फायटर माशाचं पाणी बदलायचं तर आदल्या दिवशी बादली भरा

फायटर मासा, म्हणजे बेटा, दुकानातून पिशवीत घरी येतो आणि काचेच्या बरणीत जातो. पहिला आठवडा बरा जातो. मग पाणी धुरकट दिसायला लागतं. घरातलं कोणीतरी बरणी मोरीत ओततं, घासणीनं घासतं, नळाचं ताजं पाणी भरतं आणि मासा परत सोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला असतो. मासा नाजूक होता, अशी समजूत करून घेतली जाते. बहुतेक वेळा त्याला एका फटक्यात बदललेलं पाणी भोवलेलं असतं.

बेटा तसा चिवट आहे. मूळचा तो थायलंडकडचा, दलदलीत आणि भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या असतात तसल्या उथळ पाण्यात राहणारा. कल्ल्यांच्या वर त्याला एक जास्तीचं इंद्रिय असतं, लॅबिरिंथ. त्यामुळे तो वर येऊन थेट हवा घेतो. म्हणून दुकानदार सांगतो की हा कशातही राहतो. पण हवा वरून घेतली तरी त्याचे कल्ले आणि कातडी चोवीस तास त्याच पाण्यात असतात, आणि त्या पाण्यात रोज अमोनिया जमा होत असतो.

हा अमोनिया येतो त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाला कुजणाऱ्या खाद्यातून. टाकी जुनी झाली की स्पंजवर, रेतीवर, काचेवर जिवाणू वसतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. ही वस्ती पुरती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून पाणी बदलताना नायट्रेट आणि उरलेली घाण बाहेर काढायची, पण जिवाणूंना धक्का लावायचा नाही, आणि माशाला पाणी बदललं हे कळूही द्यायचं नाही. सगळं कसब यातच आहे.

किती आणि किती दिवसांनी

आधी आपल्या टाकीत पाणी नेमकं किती ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, १००० नं भागा. ४० लांब, २५ रुंद आणि २२ उंचीपर्यंत पाणी असेल तर २२ लिटर. अंदाजानं औषध टाकणाऱ्यांचे अंदाज इथेच चुकतात, म्हणून हा आकडा खडूनं टाकीच्या मागे लिहून ठेवा.

२० लिटरच्या आसपासची टाकी, स्पंज फिल्टर आणि एकच मासा असेल तर आठवड्यातून एकदा पाव पाणी, म्हणजे ५ लिटर. १० लिटरची आणि फिल्टर नसलेली असेल तर दर तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश. ३ लिटरची बरणी असेल तर एक दिवसाआड अर्धं पाणी बदलावं लागतं, आणि एवढं करूनही त्यातलं तापमान दिवसभर खालीवर होतच राहतं. पैसे कशावर खर्च करायचे असतील तर आधी मोठ्या टाकीवर करा, रंगीत दगड आणि प्लॅस्टिकची झाडं नंतर. नवीन टाकीला पहिले ४ ते ६ आठवडे मोठ्या टाकीतही दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदला, कारण जिवाणू अजून कामाला लागलेले नसतात.

पाणी कुठलं

खेड्यात पाण्याच्या चार वाटा: नळ, बोअर, विहीर आणि विकतचा जार. चारही चालतात, पण प्रत्येकाची खोड वेगळी.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग, टाकते. माणसासाठी ते हवंच. नळाच्या टोकालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असा दंडक आहे. माशाच्या कल्ल्यांना मात्र हाच क्लोरीन भाजतो आणि स्पंजमधले जिवाणूही मारतो. पावसाळ्यात साथीच्या भीतीनं पावडर जास्त पडते, तेव्हा नुसत्या वासानंही कळतं. शंका असेल तर गावच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट करून दाखवायला सांगा. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून लोक ते थेट ओततात. पण जमिनीतून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. ते उघड्यावर राहिलं की त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, काही तासांत चढतो. ताजं ओतलं तर हा चढ टाकीतच होतो, माशाच्या अंगावर. विदर्भात बोअरचं पाणी बरेचदा जड आणि अल्कधर्मी असतं. बेटा ६.५ ते ७.५ पीएचमध्ये सुखी असतो, पण ८ पर्यंत सवयीनं राहतो. म्हणून पीएच उतरवायची औषधं घेऊ नका. रोज तेच पाणी मिळालं तर मासा त्याला जुळवून घेतो, रोज बदलतं पाणी त्याला झेपत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र बोअरचं पाणी टाळा, किंवा त्यात निम्मा जार मिसळा.

विहिरीचं पाणी बहुधा चांगलं. पण विहीर वावरात असेल तर खताचं नायट्रेट त्यात उतरलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. विहिरीतच त्याहून जास्त असेल तर कितीही पाणी बदला, टाकीतलं नायट्रेट त्याखाली येणार नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव महिलांना पाणी तपासायचे फिल्ड टेस्ट किट दिले आहेत. तुमच्या विहिरीचा नायट्रेटचा आणि जडपणाचा आकडा तिथे विचारा.

जारचं पाणी आरओचं असतं. क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून एकट्यानं वापरू नका, त्याचा पीएच कधीही घसरतो. निम्मं बोअर, निम्मा जार हे मिश्रण चांगलं, फक्त प्रमाण दर वेळी तेच ठेवा. आणि जार थंडगार येतो हे विसरू नका. रात्रभर बाहेर ठेवून मगच वापरा.

आदल्या दिवशीची बादली

माशासाठी एक प्लॅस्टिकची बादली वेगळी काढा आणि तिच्यावर ऑइल पेंटनं खूण करा. ती धुण्याभांड्याला, फरशी पुसायला कधीच जाता कामा नये. साबणाचा ओशट थर डोळ्याला दिसत नाही, माशाच्या कल्ल्यांना मात्र जाणवतो. पितळी गुंड, तांब्याची घागर, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली या कामाला नको. तांबं आणि जस्त दोन्ही पाण्यात उतरतं आणि माशाला बाधतं.

सर्वांत मोठी काळजी फवारणीच्या बादलीची. कपाशी-सोयाबीनवर औषध कालवलेली बादली, मग्गा किंवा पंपाचं झाकण कितीही वेळा विसळलं तरी इथे वापरायचं नाही. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशाला लिटरमागे काही मायक्रोग्रॅमनंही मारतात. फवारून आलेल्या माणसानं आंघोळ करून, कपडे बदलूनसुद्धा त्या दिवशी टाकीत हात घालू नये. खर्रा घोटलेल्या हाताचंही तेच. तंबाखूतलं निकोटिन पाण्यात चटकन उतरतं. हात साध्या पाण्यानं भरपूर धुवा, साबण लावलाच तर तो पूर्ण जाईपर्यंत.

बादली भरली की तोंडावर पातळ फडकं बांधा, म्हणजे हवा लागेल पण डास अंडी घालणार नाहीत. कोरडा दिवस पाळायला सांगणाऱ्या आशाताईंचं म्हणणं या बादलीलाही लागू आहे. सावलीत २४ तास ठेवा, मधे दोन-तीनदा काठीनं घुसळा. नळाचा क्लोरीन एवढ्यात उडून जातो, बोअरच्या पाण्याचा पीएच स्थिर होतो, आणि पाणी खोलीच्या तापमानाला येतं. ही तिन्ही कामं फुकट होतात, लागतो तो एक दिवस. नळ दोन दिवसांआड येत असेल तर नळाच्याच दिवशी बादली भरून ठेवायची सवय लावा.

घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापानं. तेही नसेल तर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे मिळतात. १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरा. १० लिटर पाण्याला यातलं ५ मिलिलिटर पुरतं. त्यानं लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन मारला जातो. पावडरचा उग्र वास येत असेल तर १० मिलिलिटर घ्या. हे मोजायला औषधाच्या दुकानातली नवी सिरिंज घ्या, चमचा नको.

पाणी काढणं

मासा बाहेर काढायचा नाही. जाळीत त्याचे पर फाटतात, आणि पाठलागाचा ताण त्याला पाण्याच्या बदलाइतकाच त्रास देतो.

हिटर असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा. गरम काच पाण्याबाहेर आली की तडकते. फिल्टरही बंद करा. काचेवर शेवाळ असेल तर समोरची एक बाजू मऊ स्पंजनं पुसा, मागच्या बाजूचं राहू द्या. मग दहा मिनिटं थांबा, म्हणजे उडालेला गाळ बसेल.

नळी पारदर्शक हवी. गवंडी पातळी बघायला वापरतात ती लेव्हल पाइप उत्तम, पण नवी विकत घ्या, दीड मीटर पुरते. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, झाकणाच्या बाजूनं नळीत घट्ट बसवा. हा नरसाळ्यासारखा रुंद भाग रेतीत टेकवला की रेती आत गोल गोल फिरते आणि परत खाली बसते, हलका गाळ तेवढा नळीतून जातो. नळी तोंडानं ओढू नका. ती आदल्या दिवशीच्या पाण्यानं पूर्ण भरा, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, एक टोक टाकीत आणि दुसरं खाली ठेवलेल्या रिकाम्या बादलीत सोडा. बादली टाकीपेक्षा खाली असली की पाणी आपोआप वाहतं.

एका हातानं नळी धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या टोकाजवळ असू द्या. बेटा उत्सुक मासा आहे, नळीजवळ येतोच, आणि त्याचा लांब पर आत ओढला गेला तर क्षणात फाटतो. तो जवळ आला की अंगठा दाबा. बाटली न लावता नुसती नळी वापरत असाल तर टोकाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा रबरानं बांधा. गाळ खाद्य पडतं त्याच कोपऱ्यात जास्त असतो. तिथून सुरू करा, सगळी रेती एकाच दिवशी उपसू नका. ठरलेलं माप झालं की थांबा, पाणी अजून पिवळट दिसलं तरी.

काढलेल्या पाण्यातलंच दोन लिटर वेगळं घ्या आणि फिल्टरचा स्पंज त्यात दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतला तर महिन्याभरात वसलेले जिवाणू त्याच क्षणी मरतात. मग चारच दिवसांत पाणी दुधाळ होतं, आणि लोक ते घाण झालं म्हणून पुन्हा सगळं बदलतात. स्पंज चॉकलेटी दिसायलाच हवा. पाण्याची धार मोकळी झाली की पुरे.

उरलेलं पाणी कढीपत्त्याला, वांग्याच्या वाफ्याला घाला, झाडांना ते खतच आहे. औषध किंवा मीठ टाकलेलं असेल तर मोरीत.

पाणी भरणं

आता थर्मामीटर. ताप मोजायचा चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. टाकीचा काचेचा साधा थर्मामीटर घ्या. टाकी आणि बादली यांच्यात १ अंशाचा फरक चालतो, २ ही शेवटची हद्द.

धार थेट ओतू नका. बादली उंचावर ठेवून औषधाच्या दुकानातला नवा सलाईनचा सेट वापरा. सुई काढून टाका, नळीला चाक असतंच, त्यानं धार लहान-मोठी होते. ५ लिटर पाणी अर्ध्या ते पाऊण तासात जाईल असं ठेवा. एका नळीनं वेळ जास्त लागत असेल तर दोन लावा. पाण्यात थोडा फरक असला तरी मासा एवढ्या वेळात सावरतो. हा सेट नसेल तर टाकीत एक बशी तरंगत्या थर्मोकोलवर ठेवा आणि वाटीवाटीनं तिच्यात ओता, पाणी बशीवरून पसरून हळूच खाली उतरतं. वरच्या काठापर्यंत भरू नका, ५ सेंटिमीटर हवा सोडा, त्याला तिथूनच श्वास घ्यायचाय. पाण्यावर तेलकट साय दिसली तर साधा टिश्यू पेपर आडवा टेकवून उचला.

फिल्टर लगेच चालू, हिटर पंधरा मिनिटांनी. दिवा तासभर बंद. खायला दोन-तीन तासांनी, तेही तीन-चार दाणेच. नराचं फेसाचं घरटं मोडलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, ठीक असला तर पुन्हा बांधतो. तो फेस घाण नाही, आपण होऊन कधी काढू नका.

उन्हाळा, फवारणी, थंडी

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीलाही सोसत नाही, तर माशाला कुठून सोसणार. पहाटे पाच-सहाला भरून घ्या. बेट्याला २४ ते २८ अंश हवे. पारा ३२ च्या वर जायला लागला की टाकी टिनाच्या खोलीतून काढून मधल्या किंवा कौलारू खोलीत जमिनीवर आणा. बर्फ टाकीत टाकू नका. लहान बाटलीत पाणी गोठवून ती टाकीत तरंगवा, अर्ध्या तासात एखाद अंश उतरला की काढा. कूलरचा झोत टाकीवर नको, श्वास घ्यायची हवा एकदम गार होते.

या दिवसांत पाणी बघता बघता खाली जातं, आणि लोक रोज बोअरचं पाणी भरून पातळी राखतात. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. महिनाभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. कमी झालेलं पाणी जारच्या पाण्यानं भरा, आणि पाव पाणी बदलायचा आठवड्याचा नेम वेगळा चालू ठेवा. भरणं म्हणजे बदलणं नव्हे.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी आणि डासांचा धूर दोन्ही असतात. धुराची गाडी गावात आली, किंवा घरात मच्छर अगरबत्ती, लिक्विड लावायचं असलं तर टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवेचा पंप बंद करा. पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, औषधासकट. त्या खोलीत अगरबत्ती न लावणं हेच उत्तम. गढूळ पाण्याला तुरटी फिरवण्याची सवय इथे नको, तिनं पीएच उतरतो. पाणी दोन दिवस निवळू द्या आणि वरवरचं घ्या.

डिसेंबर-जानेवारीत बादलीतलं पाणी सकाळी १८ अंशांवर असतं, टाकी २६ वर. साडेचार लिटर थंड पाण्यात अर्धा लिटर नुकतं उकळलेलं पाणी घातलं की साधारण २६ होतं. पाणी स्टीलच्या गंजात तापवा, अंघोळीच्या तांब्याच्या बंबातलं घेऊ नका. हे मिसळणं बादलीतच करायचं, टाकीत कधीच नाही. लाइट जायची वेळ ठाऊक असेल तर पाणी त्याआधी बदला, आणि हिटर बंद पडलाच तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळा, वरचं तोंड थोडं मोकळं ठेवून.

बिघडलं तर

पाणी बदलल्यावर तासभर त्याच्याकडे बघा. पर अंगाला मिटले, अंगावर आडवे फिके पट्टे आले, तर ताण आहे. दिवा बंद ठेवा, बहुधा संध्याकाळपर्यंत सावरतो. अंग काचेवर घासत सैरावैरा पळत असेल, कल्ले लाल दिसत असतील तर क्लोरीन राहिला असं धरा आणि पूर्ण टाकीच्या मापानं अँटी-क्लोरीन टाका, नव्या पाण्यापुरतं नाही. इतर काही टाकू नका. दुकानदार निळं औषध आणि मीठ हमखास देतो. निळं औषध जिवाणूंनाही मारतं. मिठाची निरोगी बेट्याला गरज नाही, आणि आपल्या जड पाण्यात तर ते साठतच जातं.

सर्वांत फसवी वेळ म्हणजे महिनोन्‌महिने पाणी न बदललेली टाकी. पाणी आंबट झालेलं असतं, पीएच उतरलेला असतो. अशा पाण्यात अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा माशाला फारसा त्रास नसतो, म्हणून तो बरा दिसतो. त्यात अर्धी बादली बोअरचं पाणी पडलं की पीएच चढतो, आणि तोच अमोनियम पुन्हा अमोनिया होतो. पीएच ७ चा ८ झाला तर विषारी भाग जवळपास दहापट होतो. मग लोक म्हणतात, घाणीत जगत होता, स्वच्छ केलं तर मेला. अशा टाकीत रोज फक्त १० टक्के पाणी बदला, दोन आठवडे, आणि त्या काळात खाद्य निम्मं करा. त्यानंतर पाव पाण्याच्या नेमावर या.

लग्नाला किंवा कामाला चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला आणि खायला नेहमीइतकंच द्या. मोठा निरोगी बेटा एवढे दिवस उपाशी राहू शकतो. त्याहून जास्त दिवस असेल आणि शेजारी सांगायचंच असेल तर दर दुसऱ्या दिवसाचे तीन-तीन दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून त्यांच्या हाती द्या, आणि खाद्याची डबी कपाटात ठेवून जा.